बदली ड्रायव्हर कुठून घ्यावा: मोठी एजन्सी की फक्त ड्रायव्हरांची?

आमच्या मालवाटपाच्या गाडीचा नेहमीचा ड्रायव्हर आजारी पडला किंवा सीझनला गाड्या वाढल्या, की एजन्सीला फोन करावाच लागतो. मी आधी सगळ्याच कामांना माणसं पुरवणाऱ्या मोठ्या एजन्सीकडून ड्रायव्हर घ्यायचो. आता फक्त ड्रायव्हर देणाऱ्या एका छोट्या एजन्सीकडून घेतो.

मोठीकडे माणसं भरपूर. रात्री कळवलं तरी सकाळी पाच जण हजर, करार-विमा-बिलं चोख. छोटीकडून मला दोनदा ‘उद्या कोणी मोकळं नाही’ असं ऐकावं लागलंय, हेही सांगायला हवं.

वैताग आला तो ‘अनुभवी’ या शब्दाचा. मोठ्या एजन्सीच्या अर्जात परवाना आणि वर्षं, एवढंच. बारा वर्षं लिहिली की माणूस अनुभवी. पण ती बारा वर्षं हायवेवरची असली तर? लांब पल्ल्याला एकीकडे भरायचं, दुसरीकडे रिकामं करायचं. वाटपाच्या गाडीला दिवसात वीस-पंचवीस पॉइंट (माल द्यायची ठिकाणं), गल्लीत रिव्हर्स, दर ठिकाणी माल मोजून द्यायचा, पोचपावतीवर सही-शिक्का घ्यायचा. आमच्याकडे आलेल्या एका कसलेल्या ड्रायव्हरने गाडी सुरेख चालवली, पण दुपारपर्यंत सातच पॉइंट झाले. माल उतरवणं आपलं काम नाही, असं त्याचं म्हणणं. त्याचा दोष नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वेगळा माणूस, आणि पहाटे पाचला मी पुन्हा पहिल्यापासून रस्ता समजावतोय.

छोट्या एजन्सीच्या बाईंनी पहिल्याच फोनवर मलाच विचारलं: पॉइंट किती, टेल लिफ्ट (माल खाली उतरवणारी गाडीमागची यांत्रिक फळी) आहे का, हेल्पर देता का, माल कोण उतरवणार? नवा माणूस पहिल्या दिवशी तुमच्या ड्रायव्हरबरोबर फिरू द्या, असंही म्हणाल्या. पुढे बहुतेक वेळा तेच दोघं-तिघं येत राहिले.

येणारा ड्रायव्हर आदल्या रात्री कुठे गाडी चालवत होता, हे मात्र दोन्हीकडे विचारा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७९ च्या करारात गाडी चालवण्याला सलग ४ तास आणि दिवसाला ९ तास अशी मर्यादा आहे, पण एजन्सीकडे नोंद फक्त तिने दिलेल्या कामाची असते. बाई ड्रायव्हरला फोन करून विचारतात. मोठीकडे तसं कोणी विचारल्याचं मला तरी दिसलं नाही.

एकाच दिवशी दहा-पंधरा गाड्या काढायच्या असतील तर मोठीच सोयीची. एक-दोन बदली ड्रायव्हर लागत असतील, तर मी छोटीला आधी विचारीन, तेही आदल्या दुपारीच.