ट्रॅव्हल ट्रेलरचे टायर: सी, डी की एलटी?

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेताना आपल्या मंडळींचं सगळं लक्ष किचन, बाथरूम आणि झोपायच्या सोयीकडे असतं. टायरवर काय लिहिलंय ते वाचायला खाली वाकणारे थोडेच. दोन ॲक्सलच्या मध्यम ट्रेलरला बऱ्याचदा १४ इंची (एसटी २०५/७५ आर १४), लोड रेंज सी टायर येतात. एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठीचा टायर, आणि लोड रेंज म्हणजे वजन पेलायची श्रेणी: सी, डी, ई अशी चढत जाणारी. एका टायरची क्षमता ५० पीएसआय हवेच्या दाबाला १७६० पौंड. आता साडेतीन हजार पौंडांचे दोन ॲक्सल पूर्ण भरले, तर ७००० भागिले चार, म्हणजे एका टायरवर १७५०. शिल्लक फक्त दहा पौंड! त्यात वजन चारही टायरवर सारखं कधीच नसतं. ज्या बाजूला फ्रिज, ओटा, स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग), तिकडचा टायर आधीच जास्त सोसतो. अशात हवा थोडी जरी कमी झाली तरी साइडवॉल (टायरची बाजू) जास्त दबते, टायर आतून तापतो, आणि ॲरिझोनाच्या जुलैत फुटायला तेवढं पुरतं.

त्याच मापाचा लोड रेंज डी टायर ६५ पीएसआयला २०४० पौंड पेलतो. माझ्या मते बहुतेकांनी हाच घ्यावा. फक्त हवाही ६५ भरायला हवी, तीसुद्धा सकाळी टायर थंड असताना. डी बसवून ५० वरच चालवलात तर क्षमता सीइतकीच राहते, जास्तीचे पैसे वाया. रिमला तेवढा दाब झेपतो का, हेही आधी बघा. १५ इंची चाकं असतील तर ई घेता येतो: २२५/७५ मापात ८० पीएसआयला २८३० पौंड. पण साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पर्यंतचेच असतात, त्यामुळे ई घेताना धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या.

एलटी, म्हणजे पिकअपचे टायर, अनेकांना जास्त भरवशाचे वाटतात. वेगमर्यादेत ते सहसा सरस असतातच. एसटीवर वेगाची वेगळी खूण नसेल तर ताशी ६५ मैलांच्या वर जाऊ नये. पण वजनाचं गणित उलटं आहे. १६ इंचात एसटी २३५/८० लोड रेंज ई ३५२० पौंड पेलतो, तर एलटी २३५/८५ ई ३०४२. शिवाय दोन ॲक्सलचा ट्रेलर पेट्रोल पंपावर घट्ट वळवताना टायर अक्षरशः आडवे घासले जातात, त्यासाठी एसटीची साइडवॉल कडक ठेवलेली असते. १४ इंची चाकांवर एलटीच्या मागे लागू नका. १६ इंची मोठ्या ट्रेलरवर, क्षमता पुरत असेल तर, जरूर विचार करा.

टीपीएमएस (टायरमधल्या हवेचा दाब गाडीत दाखवणारी यंत्रणा) की चांगले टायर, असंही विचारतात. टायर पाच-सहा वर्षांचे असतील तर आधी टायर, नक्षी कितीही नवी दिसो. टायरच्या बाजूवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर नवे असतील तर मात्र टीपीएमएसला पर्याय नाही. मागे हळूहळू हवा जातेय हे ओढणाऱ्या गाडीत बसून कळतच नाही. कळतं तेव्हा फाटलेल्या रबराने चाकावरची फरशी, वायरिंग, कधी गॅसची नळीही ओरबाडलेली असते.

आणि एक टायर फुटलाच, तर त्याच बाजूचा दुसराही बदला. गाडी थांबेपर्यंत जवळपास दुप्पट वजन त्यानेच वाहिलेलं असतं.