दहावीनंतर कोणती चाचणी करावी? बोटांचे ठसे, आवडीची प्रश्नावली की अभिक्षमता चाचणी

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता आपल्या सवयीची झाली आहे. पण 85 टक्के मिळवलेल्या मुलीने सायन्स घेऊन पुढे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाकडे बघावं, की मालवण किंवा रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाला जावं, हे टक्के सांगत नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, 'एकदा टेस्ट करून घ्या ना.' कोणती, हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या ओळखीतले पालक दरवर्षी याच प्रश्नाशी अडतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ठशांची चाचणी

सगळ्यात जोरात विकली जाते ती हीच. शाळेत शिबिर लावतात, दहाही बोटं स्कॅनरवर ठेवायला सांगतात आणि काही दिवसांनी जाडजूड रंगीत रिपोर्ट हातात देतात. माझं स्पष्ट मत आहे, यावर एक रुपयाही घालवू नका. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्मभर बदलत नाहीत, एवढं खरं. डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात स्थितींशी त्यांच्या ठेवणीचा संबंध संशोधनात दिसला आहे, हेही खरं. पण त्यावरून मूल गणितात पुढे जाईल की संगीतात, हे सांगायला कसलाच शास्त्रीय आधार नाही. रिपोर्टमध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचं नाव हमखास असतं. त्यांनी 1983 मध्ये मांडलेल्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांतात, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते या मांडणीत, ठशांचा काहीही संबंध नाही.

'पण रिपोर्टमधलं सगळं आमच्या मुलाला तंतोतंत लागू पडतं हो!' असं पालक म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात. याचं उत्तर जुनं आहे. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून एक वर्णन दिलं. वर्णन सगळ्यांना एकच होतं. 'हे तुम्हाला किती लागू पडतं?' या प्रश्नावर 5 पैकी सरासरी 4.26 गुण पडले. 'तुमच्यात बरीच क्षमता आहे, पण तिचा पुरेसा वापर झालेला नाही' अशी वाक्यं कुणालाही आपलीच वाटतात.

आवड विचारणारी की क्षमता मोजणारी?

खरी निवड या दोघींत आहे, आणि इथे घाई नको.

आवडीच्या प्रश्नावल्या बहुधा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या सहा गटांवर बेतलेल्या असतात: हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांत रमणारे, पुढाकार घेणारे आणि नीटनेटक्या नोंदी ठेवणारे. 2016 पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची सरकारी कल चाचणी व्हायची, तिचाही भर मुख्यतः आवडीवर होता. ही स्वस्त असते, चटकन होते, मोबाइलवरही होते. तिची उणीव आपल्याकडे जास्त जाणवते. 'प्रयोगशाळेत काम करायला आवडेल का?' हा प्रश्न ज्याने प्रयोगशाळा नीट पाहिलीच नाही त्याला विचारून काय कळणार? मुलाने जेवढं पाहिलंय तेवढ्यापुरतीच त्याची आवड असते.

अभिक्षमता चाचणीत उत्तर बरोबर किंवा चूक असतं, आणि भाषा, अंक, आकृत्या, यांत्रिक समज यांचे भाग वेगवेगळे मोजतात. यांत्रिक भागात एकमेकांत अडकलेली चार दातेरी चाकं दाखवतात: पहिलं उजवीकडे फिरलं तर चौथं कुठे फिरेल? हर्णैतला एक मुलगा मला आठवतो, वडिलांच्या होडीचं इंजिन खोलताना शेजारी बसणारा. गणितात जेमतेम पास, पण हा भाग त्याने पेन न टेकवता सोडवला. गुणपत्रिकेत ही गोष्ट कधीच दिसली नसती. मात्र त्याच चाचणीतला भाषेचा भाग इंग्रजीत होता आणि मराठी माध्यमातल्या त्या मुलाचा पर्सेंटाईल (शंभरातली किती मुलं त्याच्या मागे, तो आकडा) तिथे कोसळला. ती त्याची कुवत नव्हती, फक्त इंग्रजीची सवय नव्हती.

चाचणी कशासाठी वापरायची आणि मुलाची तुलना कुणाशी करायची, हा वाद चाचण्यांइतकाच जुना आहे. 1905 मध्ये फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमत्ता चाचणी केली ती मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. पुढे अमेरिकेत तीच माणसांची प्रतवारी लावायला वापरली गेली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी तिची मराठी आणि कन्नड मुलांसाठी आवृत्ती केली, तेव्हा प्रश्न आणि तुलनेचे आकडे इथल्या मुलांवरून ठरवले. म्हणून चाचणी घेणाऱ्याला आधी विचारा: मराठीत आहे का, आणि माझ्या मुलाची तुलना कुणाशी होणार?

चार अक्षरांत स्वभाव सांगणाऱ्या एमबीटीआयबद्दल थोडक्यात. गप्पांना बरी आहे. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांची अक्षरं बदलतात, आणि नोकरभरतीसाठी ती वापरू नये असं ती चालवणारी संस्थाच सांगते. लोटे एमआयडीसीत नोकरी शोधणाऱ्या थोरल्या भावालाही हे सांगा. कंपनीने वेल्डरकडून वेल्डिंग करून घेतलं तर ती कामाची परीक्षा झाली. कामाशी संबंध नसलेली बुद्धिमत्ता चाचणी लावली तर अन्याय होऊ शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये ड्यूक पॉवर कंपनीविरुद्ध हेच म्हटलं, कारण तिथली चाचणी कृष्णवर्णीय कामगारांना वर चढूच देत नव्हती.

तर निवड अशी करा. मूल दोन-तीन वाटांत अडकलं असेल तर मराठीतली अभिक्षमता चाचणी, जोडीला आवडीची प्रश्नावली, आणि दोन्हींनंतर मानसशास्त्र शिकलेल्या समुपदेशकाशी निदान तासभर समोरासमोर बोलणं. 'रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवतो' म्हणणारा नको. पैसे कमी असतील तर प्रश्नावली घरीच करा आणि वाचवलेले पैसे बोलण्यासाठी द्या. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेचा या कामातला अनुभव मोठा आहे, गाडीभाडं परवडत असेल तर तोही पर्याय धरा. आणि मुलाचं मनाशी पक्कं ठरलेलं असेल तर चाचणीच्या भानगडीत पडू नका. त्याला एक दिवस दापोलीच्या कृषी विद्यापीठात, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये, जिथे जायचं म्हणतोय तिथे नेऊन आणा आणि तिथल्या मुलांशी बोलू द्या.