टास्क मॅनेजर उघडला की पंखा गप्प व्हायचा

८६,२९९ रुपये. कॉम्प्युटर नीट करायला फोन लावला, त्या खोट्या सपोर्टवाल्याने मला एवढ्याला बुडवलं. आकडा आधीच सांगतो, पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं लक्षात राहू दे. त्यातले ११,८०० मी स्वतः भरले. ४९,९९९ आणि २४,५०० मी खुर्चीत बसलेलो असताना, माझ्याच मशीनवरून गेले.

वय ४१, राहणार भांडुप, धंदा लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचा. त्यासाठी ९२,००० चं मशीन जुळवून घेतलं होतं आणि रात्री त्यावर गेमही खेळतो. सोसायटीत आणि पोलीस ठाण्यात हे सांगितल्यावर लोक असे बघतात, जणू मी मटका लावत होतो. गेम रीतसर विकतचा होता. त्यावर फुकटातला एक मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी फाइल, टाकला होता, आणि तो खेळणारे सगळेच टाकतात.

त्यानंतर मशीनवर काही चालू नसताना ग्राफिक्स कार्डचे पंखे बोंबलायला लागले. गेम अडखळायला लागला. विजेचं बिल १,३४० वरून २,९१० वर गेलं, तेव्हा मी एसीला शिव्या घातल्या. मशीन रात्रभर चालूच असायचं, रेंडर (व्हिडिओची शेवटची फाइल बनवायचं काम) लावून झोपायचं म्हटल्यावर दुसरं काय करणार? आणि गंमत अशी की टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनवर काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला की दोन सेकंदांत सगळं शांत. सीपीयू चार टक्के, कार्ड थंड, पंखा गप्प. खिडकी बंद केली की पुन्हा सुरू. हे मी स्वतः, माझ्या डोळ्यांनी, रोज बघत होतो.

जाणकारांनी एव्हाना ओळखलं असेल. मायनर. आपल्या कार्डावर, आपल्या विजेवर दुसऱ्यासाठी क्रिप्टोची (डिजिटल चलनाची) नाणी पाडणारा प्रोग्राम. यातले बरेच इतके बेरकी असतात की टास्क मॅनेजर उघडलेला दिसला की स्वतःच थांबतात. २०२१ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने क्रॅकोनॉश नावाचा एक मायनर उघडकीस आणला होता. तो चोरीच्या गेममधून यायचा आणि विंडोज डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरसच उडवून टाकायचा. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मला फक्त टास्क मॅनेजरच्या यादीत एक एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या सेवा चालवणारा प्रोग्राम) जास्तीचा वाटत होता. एसव्हीसीहोस्ट विंडोजचे स्वतःचेही ढिगाने चालू असतात, त्यामुळे नावावरून कोणाच्या बापाला कळणार नाही.

इंटरनेटवर शोधलं. सगळ्यात वर विंडोज सपोर्टचा नंबर आला, बाजूला हिरवी खूण. (जाहिरात होती. शोधल्यावर वर येणारा नंबर म्हणजे पैसे भरून वर आलेला नंबर, कस्टमर केअरचा नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर कधीच नसतो.) फोन लावला तर समोरचा माणूस स्वच्छ मराठीत बोलला. हिंदी नाही, तो कॉल सेंटरवाला सूर नाही. आडनाव ऐकून म्हणाला, "कोकणातले का, सर? आमचं आजोळ चिपळूणला." मुंबईत इतकी वर्षं काढल्यावर सपोर्टच्या फोनवर मराठी ऐकायला मिळालं की माणूस विरघळतोच. माझ्या जागी कोणीही विरघळला असता.

स्क्रीन शेअरचं, माझं मशीन त्याला तिकडून चालवता येईल असं ॲप टाकायला लावलं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल खुणा दाखवल्या. त्या प्रत्येकाच्या मशीनवर असतात, आत्ता उघडून बघा. मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट (मशीन कोणकोणत्या पत्त्यांशी जोडलंय ते दाखवणारी आज्ञा) चालवून परदेशी पत्त्यांची यादी काढली. "हे सगळे तुमच्या घरात बसलेत, सर." नुसता ब्राउझर उघडा असला तरी अशी यादी दिसतेच.

आणि मग ते घडलं, जे आठवलं की अजून झोप उडते. तो म्हणाला, "आता बघा, मी त्याला थांबवतो." त्याने टास्क मॅनेजर उघडला. पंखा शांत झाला. "ऐकलंत? गेला." आणि मी, जो रोज हेच बघत होतो, म्हणालो, "वा!" टास्क मॅनेजर मी उघडला तरी पंखा थांबतो, मग याने नेमकं काय केलं, हा एक प्रश्न तोंडावर आला असता तर ८६,२९९ वाचले असते. प्रश्न मनात आलाही होता. पण तो न थांबता बोलत होता, मध्येच "सर, माउसला हात लावू नका" म्हणून दटावत होता, आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या पार्टीला व्हिडिओ द्यायचा होता. घाईतल्या माणसाला शंका काढायला वेळ कुठे असतो? एकदा जरी त्या प्रोसेसवर उजवी क्लिक करून ओपन फाइल लोकेशन केलं असतं, तरी कळलं असतं. खरा एसव्हीसीहोस्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये असतो. माझा अ‍ॅपडेटाच्या, म्हणजे प्रोग्राम आपली माहिती ठेवतात त्या जागेतल्या, रोमिंग फोल्डरमध्ये लपला होता. त्याने फाइल कुठे आहे ते एकदाही उघडून दाखवलं नाही.

"कायमचा बंदोबस्त" १०,००० आणि १८ टक्के जीएसटी १,८००. जीएसटी लावणारा माणूस चोर असेल असं वाटत नाही हो! नेटबँकिंगने भरले, स्क्रीन शेअर चालूच होती. मग स्क्रीन काळी झाली. "डीप स्कॅन चाललाय, वीस मिनिटं काही करू नका." त्या काळ्या पडद्यामागे बँकेचं पान उघडंच होतं, आणि फोनवरचे मेसेज मशीनवर दिसण्याची सोय मी पार्ट्यांना उत्तरं द्यायला चालू ठेवली होती. ओटीपी आले ते त्याने तिथेच वाचले. ४९,९९९ आणि २४,५०० ची गिफ्ट व्हाउचर्स. फोन माझ्या कानाला होता, त्यामुळे मेसेजचे आवाज आले ते मला व्हॉट्सॲपचे वाटले. ज्या मशीनवर कोणी परका बसलाय त्यावर बँक उघडायची नाही. काही संशय आला तर ॲप बंद करत बसू नका, इंटरनेटच्या राउटरचा प्लग ओढा.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. लागत नव्हता, लागला तेव्हा तिथल्या बाईंनी नीट व्यवहार क्रमांक घेतले, हे कबूल करतो. पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणे, हे सायबरचं, तिकडे जा. तिकडे म्हणे, रक्कम एवढीशी, आधी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घ्यायची असं लिहिलंय, हे मी सांगितलं तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" स्क्रीनशॉट पेन ड्राइव्हमध्ये चालत नाहीत, रंगीत प्रिंट हवी. मग सीपीयू घेऊन या. काचेचा दरवाजा असलेलं ते धूड मी रिक्षात मांडीवर घेऊन गेलो. तिथे कोणी उघडूनही बघितलं नाही. "राहू द्या, गरज लागली तर बोलावू." आयटी ॲक्टच्या ६६डी खाली, म्हणजे कॉम्प्युटरवरून तोतयेगिरी करून फसवल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षा द्यायला आधी गुन्हा लिहून घ्यावा लागतो ना!

बँकेची तऱ्हा त्याहून भारी. "ओटीपी तुम्हीच दिला, सर." मी कोणालाही दिला नाही! दहा वेळा सांगितलं. त्यांच्या पत्रात माझा "निष्काळजीपणा" आला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर टाकलंय, तो उतारा मी अधोरेखित करून नेला. शाखेतल्या मॅडमनी कागद उलटा ठेवला आणि टोकन पुढे सरकवलं. तक्रार लेखी द्या, शिक्का मारून पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माझी तक्रार तिथे पोचली आहे.

मशीन शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या एका पोराने सरळ केलं. आता त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण कॉम्प्युटरवाले जुनंच नाव घेतात. त्याने प्रोसेस एक्सप्लोरर (चालू प्रोग्रामचा तपशील दाखवणारं टूल) लावून फाइलचा पत्ता काढला, ती व्हायरसटोटलवर, म्हणजे अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणाऱ्या साइटवर टाकली, प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये तिची नोंद दाखवली. डिफेंडरच्या वगळलेल्या फोल्डरांच्या यादीत तोच पत्ता होता, म्हणजे तिथे तपासायचंच नाही असं आधीच सांगून ठेवलेलं. वर "सपोर्ट"वाल्याचं रिमोट ॲपही आपोआप चालू होईल असं बसवलं होतं. विंडोज पुसून नव्याने टाकलं. ७०० रुपये. ११,८०० मध्ये जे झालं नाही ते ७०० मध्ये. पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला, नाहीतर काय उपयोग. मॉड म्हणून जे काही उतरवाल ते "अँटिव्हायरस बंद करा" म्हणत असेल, तर तिथेच डिलीट.

२४,५०० चं व्हाउचर वापरलं जायच्या आत गोठवलं गेलंय. ते परत मिळायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्यासाठी पोलिसांचा अहवाल, असं मला सांगितलं, आणि अहवाल लिहिणारे साहेब बंदोबस्तावर आहेत.

मागच्या आठवड्यात नवा फोन आला. हिंदीत. "सायबर रिकव्हरी विभाग", माझी रक्कम त्यांना पैशासकट पाठ. १,१८० प्रोसेसिंग फी भरा आणि एक ॲप टाका, पैसे संध्याकाळपर्यंत खात्यात. हे सगळे नंबर, आकडे पुढे विकले जातात, एकदा फसलेल्याला दुसऱ्यांदा गाठायला. मी त्याला आजोळ कुठलं ते विचारलं आणि नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या चक्षूवर, म्हणजे संशयास्पद फोन कळवायच्या सोयीवर टाकला.