एकाच आयपीएचे दोन कॅन

पुण्यातल्या एका लहान ब्रुअरीच्या इंडिया पेल एल (आयपीए) या बिअरचे दोन कॅन मी गेल्या शनिवारी सांगलीत घरी शेजारी शेजारी ठेवून उघडले. एक आदल्या दिवशी ब्रुअरीतून घेऊन बर्फाच्या पेटीतून आणलेला होता. दुसरा इथल्याच एका दुकानात फ्रीजबाहेरच्या फळीवर उभा होता आणि त्याच्या तळावरची तारीख साडेचार महिन्यांपूर्वीची होती. दोन्ही सारखेच, साधारण ८ अंशांपर्यंत थंड केले.

ताज्या कॅनमधली बिअर तांबूस सोनेरी आहे आणि तिचा दाट फेस शेवटच्या घोटापर्यंत काचेवर जाळी धरून राहतो. ग्लास नाकाजवळ नेला की पपनसाची साल नखाने सोलताना जो तुषार उडतो, तोच वास येतो, आणि त्याच्यामागे किंचित राळेचा. चवीत आधी बिस्किटासारखा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा लागतो. कडवटपणा मात्र कारल्यासारखा एकदम अंगावर न येता भिजवलेल्या मेथीसारखा मागाहून चढतो आणि घोट उतरल्यावरही बराच वेळ जिभेवर राहतो. ६.५ टक्के अल्कोहोल असूनही घशाला जळजळ होत नाही. ही बिअर मला मनापासून आवडली.

दुसऱ्या कॅनमध्ये पपनस उरलेच नव्हते. ओल्या पुठ्ठ्याचा वास, जुन्या बेदाण्यांसारखा जड गोडवा आणि सुगंधाची साथ सुटलेला नुसता कडूपणा, एवढेच हाती लागले. दुकानदारांना हे सांगितले, तेव्हा पूर्वी ही बिअर महिनोन्‌महिने जहाजातून हिंदुस्थानात येतच होती, असे उत्तर मिळाले. ते खरे आहे: अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसन ब्रुअरीची आणि १८२० नंतर इंग्लंडमधल्याच बर्टन गावची पेल एल तशीच येत असे, कारण हॉप्समधली, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांमधली, कडू द्रव्ये बिअर आंबट करून नासवणाऱ्या जिवाणूंना रोखतात. परंतु आजची आयपीए मुख्यतः सुगंधासाठी घेतली जाते; त्यासाठी आंबवण्याच्या काळात किंवा त्यानंतर हॉप्स न उकळता घालतात आणि त्यांतली तेले उष्णतेने व प्राणवायूने लवकर विरतात.

सोबत भडंग घेतले होते, पण कडवटपणामुळे त्याचा तिखटपणा फार झोंबला. साधे खारे शेंगदाणे अधिक जुळले. २ महिन्यांच्या आतला, फ्रीजमध्ये ठेवलेला कॅन सांगलीत मिळू लागला, तर मी तो नेहमी घेईन.