जुन्या गाडीसाठी कार्बन केबिन फिल्टर: घ्यावा, पण कडेला फट राहू देऊ नये

पाचपैकी चार गुण. केबिन फिल्टर म्हणजे ब्लोअरमधून गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी. साध्या पांढऱ्या फिल्टरपेक्षा कार्बनवाला साधारण दुप्पट महाग पडतो, तरी सातारा-सांगली पट्ट्यात फिरणाऱ्या गाडीला तोच घ्यावा. पांढरा फिल्टर धूळ आणि परागकण अडवतो, वास अडवत नाही. खंबाटकीच्या चढाला पुढच्या ट्रकचा धूर असो की उसाचं पाचट पेटवल्यावर रस्त्यावर पसरणारा धूर, त्याचा वास कमी करायला कोळशाचा थर लागतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र कोणताच केबिन फिल्टर अडवत नाही. स्वतःच्याच गाडीचा धूर आत येत असेल, तर आधी सायलेन्सरचे जोड आणि डिकीचं रबर बीडिंग तपासून घ्या. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. पट्टी अलगद निसटली, तर तिथलं बीडिंग दबून निकामी झालं आहे.

दुकानात फिल्टर हातात घेऊन बघा. पांढऱ्या कागदावर हलके आपटा. काळी भुकटी पडली, तर कोळसा नीट चिकटवलेला नाही आणि तो ब्लोअरमधून तुमच्याच तोंडावर येणार. घड्या जास्त आणि सरळ हव्यात, चौकट ताठ हवी. दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली तरी हवा घड्यांतून न जाता त्या सोप्या वाटेनं निघून जाते, आणि महागडा फिल्टर नुसता शोभेला राहतो. म्हणून गाडीचं मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगूनच मागा.

कितीतरी जुन्या गाड्यांत कंपनीनं जागा ठेवलेली असते, पण फिल्टर दिलेला नसतो. तिथं सलग प्लॅस्टिक असतं. ते खुणेवरून ब्लेडनं सावकाश कापावं लागतं आणि वर बसणारं झाकण वेगळं मागवावं लागतं. जागाच नसेल, तर ब्लोअरच्या तोंडाशी स्पंज कोंबू देऊ नका. हवा तुंबते, एसीच्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो.

बसवणं सोपं आहे. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून खाली सोडा, मागच्या झाकणाच्या क्लिपा काढा. जुना फिल्टर आडवाच, हळू ओढा. तिरका केला की घड्यांतला कचरा थेट ब्लोअरच्या पंख्यात पडतो. हळदीच्या पेठेत रोज उभी राहणाऱ्या गाडीच्या घड्या तळापर्यंत पिवळ्या निघतात. उसाच्या रानाकडेला लावलेल्या गाडीत काळी राख आणि कधी उंदराचं घरटं. घरटं दिसलं, तर मास्क आणि हातमोजे घाला, जंतुनाशकाच्या पाण्यानं ओलं करूनच उचला. कोरडं झटकू नका, व्हॅक्यूमही लावू नका, कारण उंदराच्या मुताचे कण हवेत उडतात. मग समोरच्या काचेखालच्या जाळीतली पानं काढा, नवा फिल्टर बाणाच्या दिशेनं बसवा.

एवढं करूनही एसी लावताच कुबट वास येत असेल, तर फिल्टरला दोष देऊ नका. कूलिंग कॉइल ओली राहून तिच्यावर बुरशी धरलेली असते. कॉइलसाठीचा फोम मारा, डब्यावर दिला असेल तेवढा वेळ थांबा, मग दारं उघडी ठेवून ब्लोअर फुल चालवा. पुढच्या डाव्या सीटखालची मॅट ओली लागली, तर एसीचं पाणी बाहेर सोडणारा ड्रेन पाईप बहुधा तुंबला आहे. गोडसर वास आणि काचेवर तेलकट थर हे हीटर कोअरमधून, म्हणजे गाडीच्या हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून, कूलंट गळत असल्याचं लक्षण, तिथं गॅरेजच गाठावं. डॅशबोर्डवर अत्तराची बाटली ठेवून यातलं काहीही मिटत नाही. मुक्कामाच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालवला, की कॉइल बरीच सुकते.

पाचवा गुण कापला तो यासाठी: कोळसा वास शोषून भरला आणि निकामी झाला, हे डोळ्यांना दिसत नाही. एरवी वर्षाला किंवा 10,000 ते 15,000 किलोमीटरला बदलतात. पेठेत नाहीतर कच्च्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या गाडीला सहा महिने पुरे. फिल्टर धुऊ नका. कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, तंतू फाटून छिद्रं मोठी होतात.

आतली हवा फिरवायचं बटण घाटात ट्रकमागे जरूर दाबा, पण चार माणसं बसली असतील तर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेरची हवा घ्या, नाहीतर जडपणा येतो आणि पावसाळ्यात काचा धुरकटतात. बटण दाबल्यावर ब्लोअरचा आवाज बदलला नाही, तर बाहेरची हवा बंद करणारी झडप अडकली आहे. ती आधी सोडवून घ्या.