सेलमधले पोश्चर शूज: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

माझं चिपळूणला मेडिकल आहे, म्हणजे सकाळी उघडल्यापासून रात्री शटर ओढेपर्यंत काउंटरमागे उभं राहणं, मध्ये जेवायला बसते तेवढंच. वय ५५. उजवी टाच सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना सुई टोचल्यासारखी दुखायची, त्याच पायाच्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा आखडलेला, गुडघे कुरकुरतात आणि संध्याकाळी कंबर भरून येते. हे सगळं एकदम सांगितलं कारण या बुटांच्या जाहिरातीत हे सगळंच एकदम बरं होईल असं लिहिलेलं असतं, आणि माझा अनुभव प्रत्येक दुखण्याला वेगळा आहे.

बूट म्हणजे ते गोल तळव्याचे, रॉकर सोलवाले. सपाट टेबलावर ठेवले की पुढे-मागे डुलतात. छापील किंमत ७,९९९ होती, सेलमध्ये ३,२०० ला पडले.

ही कल्पना मूळची स्वित्झर्लंडची. कार्ल म्युलर नावाचा इंजिनिअर होता, त्याला स्वतःला पाठीचा आणि पायाचा त्रास, कोरियात भाताच्या खाचरात अनवाणी चालल्यावर बरं वाटलं असं तो सांगायचा, त्यावरून त्याने १९९६ साली एमबीटी नावाचे गोल तळव्याचे बूट बाजारात आणले. आमच्याकडे लावणीला चिखलात उतरलेल्या बायका कंबर धरूनच बांधावर येतात, पण ते वाकून वाकून होतं, मऊ जमिनीवर चालण्याचं तसं नाही, त्यामुळे मला ती गोष्ट अगदीच अशक्य वाटली नाही. पुढे अनेक कंपन्यांनी तसे बूट काढले आणि दावे फार वाढवले. अमेरिकेत २०११ मध्ये रीबॉकने २.५ कोटी डॉलर आणि २०१२ मध्ये स्केचर्सने ४ कोटी डॉलर देऊन सरकारी खात्याशी तडजोड केली, ते मांड्या-नितंब घट्ट होतात, वजन उतरतं अशा जाहिरातींवरून. म्हणून दुकानदार वजन उतरण्याचं बोलायला लागला की तिथेच थांबवा, आपलं काम दुखण्याचं आहे.

आता फरक कुठे पडला. सगळ्यात जास्त अंगठ्याच्या सांध्याला. पाऊल उचलताना अंगठा मागे वाकतो तिथेच मला कळ यायची, या बुटात पुढचा भाग गोल आणि कडक असल्यामुळे बूटच पाऊल पुढे ढकलतो, अंगठ्याला वाकावं लागत नाही. हा फरक जवळजवळ लगेच कळला. बहादूरशेख नाक्यापर्यंत चालत जाऊन येते आता, आधी अर्ध्यात रिक्षा करायचे. टाचही हळूहळू सुधारली, पण त्याचं श्रेय मी एकट्या बुटांना देणार नाही, कारण ऑर्थोपेडिकवाल्या डॉक्टरांनी सांगितलेलं पोटरी ताणणं (भिंतीला हात टेकून, मागचा पाय सरळ, टाच जमिनीला चिकटलेली) रोज सकाळ-संध्याकाळ चालूच होतं. सुरुवातीला पोटऱ्या खूप दुखल्या हेही सांगते, म्हणून पहिले काही दिवस थोडा थोडा वेळच घाला, एकदम दिवसभर नको.

गुडघ्यांना चढावर बरं वाटतं, उतारावर आणि जिना उतरताना नाही, तिथे बूट पुढे ढकलतो आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. आमच्या घराला जांभ्याच्या पायऱ्या आहेत, पावसाळ्यात त्यावर शेवाळ, तिथे मी हे बूट हातात घेऊन उतरायचे आणि खाली घालायचे. ज्यांचा तोल जातो, घोटा मुरगळायची सवय आहे किंवा घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे त्यांच्यासाठी कृपा करून सेल बघून मागवू नका. शुगरमुळे पाय बधिर झालेल्यांना डॉक्टर कधीकधी रॉकर सोल देतात पण ते पाय बघून, माप घेऊन बनवलेले असतात, नाहीतर साधी एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल, ऑनलाइनचा तयार बूट त्याच्या जागी घालू नये.

आणि कंबर. यासाठीच बहुतेक लोक घेतात म्हणून स्पष्ट लिहिते, काउंटरवर उभं राहायला हे बूट घातले की माझी कंबर जास्त दुखायची. डुलत्या तळव्यावर उभं राहताना शरीर सतत तोल सावरत असतं, चालताना ते चालून जातं पण तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की थकवा कंबरेत येतो. लंडनला २०१३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ११५ लोकांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झालीय, अर्ध्यांना गोल तळव्याचे आणि अर्ध्यांना सपाट तळव्याचे बूट दिले, तर गोल तळव्याचा जास्त फायदा दिसला नाही, उलट ज्यांची कंबर उभं राहून किंवा चालून दुखायची त्यांना सपाट बूटच जास्त बरे पडले. माझं तंतोतंत तसंच झालं. आता दुकानात सपाट, टाचेला घट्ट धरणारे बूट आणि पायाखाली जाड रबरी मॅट, गोल तळव्याचे फक्त चालायला. कंबर आता बरीच हलकी आहे, ती रोजच्या चालण्याने आणि व्यायामाने असं मला वाटतं, पण चालणं जमायला लागलं ते अंगठा शांत झाल्यामुळे, म्हणजे आडवळणाने बुटांचा हात आहेच.

सेलबद्दल मात्र नीट वाचा. माझ्या नणंदेने माझं बघून दुसऱ्या एका विक्रेत्याकडून तसेच बूट घेतले, अजून स्वस्त. दिसायला कोरे करकरीत, डबा सीलबंद. थोडे महिने वापरले आणि एक दिवस बाजारात चालता चालता तळव्याचे तुकडे पडायला लागले, हातात घेतलं तर भुगा. डब्यावर बघितलं तर बूट कित्येक वर्षांपूर्वी बनवलेले. या बुटांचा जाड मधला थर बऱ्याचदा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो, आणि तो हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, वापरा नाहीतर डब्यात ठेवा, कोकणच्या दमट हवेत तर लवकरच. औषधाची एक्सपायरी बघतो तसा बुटाच्या डब्यावरचा बनवल्याचा महिना-वर्ष बघायचा, आपल्याकडे तो छापणं बंधनकारक आहे. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला त्या लेबलचा फोटो मागा, देत नसेल तर सोडून द्या. ईव्हीए फोमचा थर असा कुजत नाही पण दाबून दाबून बसतो, म्हणून अंगठ्याने टाचेला दाबून बघा, दोन्ही बूट सारखे दबायला हवेत. टेबलावर ठेवून डुलवा, पुढे-मागे डुललं पाहिजे, बाजूला कलत असेल तर परत करा. आणि माप संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात, रुंदीही बघा, माझा अंगठा करंगळीकडे दाबला जात होता म्हणून मी एक नंबर मोठा बदलून घेतला.

नणंदेचे पैसे अजून अडकलेत. परत करायची मुदत संपली एवढंच उत्तर विक्रेता देतो, आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवलीय, बिल, डब्याचं लेबल आणि फुटलेल्या तळव्याचे फोटो सगळं जोडलंय, निकाल लागला की इथेच लिहीन.