उसाचा जुना ट्रक: इंजिन बांधायचं की नवी गाडी काढायची?

हप्ते फिटले, आरसीवरचा बोजा उतरला, आणि आता गाडी चढाला काळा धूर सोडते. गाळप संपता संपता बऱ्याच सहाचाकी मालकांपुढे हा प्रश्न येतो: चार लाख घालून हीच बांधून, म्हणजे इंजिन खोलून पूर्ण दुरुस्त करून घ्यायची, की नवी काढायची? इथे जुनी म्हणजे २०१० ते २०१५ मधली, मालासकट १६ टनांची बीएस-३ (धुराच्या जुन्या नियमांतली) गाडी, ६९७ इंजिनवाली टाटा १६१३ किंवा तिच्या जोडीची. नवी म्हणजे बीएस-६ (धुराच्या आताच्या नियमांतली) साडेअठरा टनांची. दोन्ही उसावर चालवून मी जुनी ठेवली. पण माझं काम कारखान्यापासून चाळीस किलोमीटरच्या आतलं आहे. तुमचं तसं नसेल तर उत्तर उलटं येऊ शकतं.

म्हणून आधी आरसीवरची तारीख बघा. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला वयाच्या १२ वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. मल्टिअ‍ॅक्सलला ही मर्यादा १५ वर्षांची आहे. राज्याच्या परमिटला ही अट नाही, फिटनेस मिळतो तोवर गाडी चालते. उन्हाळ्यात कांदा-द्राक्षं घेऊन दिल्लीकडे जात असाल तर दुरुस्तीचा विचारही करू नका: दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ मालगाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे प्रवेशच नाही. निपाणी-चिकोडीकडचा, म्हणजे कर्नाटकातला ऊस आणणाऱ्यांनीही तात्पुरत्या परवान्याचा खर्च आणि खेपा आधी मोजाव्यात. ही सगळी बंधनं ज्याला लागत नाहीत, त्याच्यासाठी पुढचं.

पैशाचा हिशेब हंगामाच्या दिवसांवर करावा, महिन्यावर नाही. नव्या गाडीवर २५ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज आणि ६० हप्ते धरले तर महिन्याचा हप्ता ५३,११८ रुपये होतो. वर्षाला ६ लाख ३७ हजार. गाळपाचे १२० दिवस मिळाले तर रोजचे ५,३०० रुपये फक्त हप्त्याला लागतात, डिझेल, ड्रायव्हर, टायर सगळं वेगळं. उरलेले आठ महिने खडी, खत, साखर मिळेल ते ओढायचं. पाऊस लागला की तेही थांबतं, हप्ता थांबत नाही. कर अनुमानित पद्धतीने भरत असाल तर आणखी एक गोष्ट. १२ टनांवरच्या गाडीला दर टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरतात आणि त्यातून व्याज किंवा घसारा वेगळा वजा होत नाही. ‘व्याज करातून सुटेल’ हा शोरूममधला सल्ला अशा मालकाला लागू पडत नाही.

नव्या गाडीचं खरं बळ दोन गोष्टींत आहे, ते मान्य करायला हवं. एक, कायद्याने दीड-दोन टन माल जास्त बसतो, आणि ऊसवाहतूक टनावर मिळते. दुसरं डिझेल. भरल्या उसाने जुनी गाडी आमच्याकडे लिटरला ४ च्या आसपास देते, नवी ५ च्या. वर्षाला २०,००० किलोमीटर चालवली तर १,००० लिटर वाचतात, ९० रुपयांनी ९०,००० रुपये. त्यातून डीईएफचे, म्हणजे धूर साफ करायला नव्या गाडीत घालायच्या युरियाच्या पाण्याचे, दहा-एक हजार वजा करा. हप्त्यासमोर ही बचत कमी पडते. हीच गाडी वर्षाला ८०,००० किलोमीटर धावत असेल तर ४,००० लिटर वाचतात आणि नवीचं पारडं आपोआप जड होतं. विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता वजनाच्या गटावर असतो, त्यात जुनं-नवं असा फरक नाही. पण कर्जाच्या गाडीला फुल इन्शुरन्स घ्यावाच लागतो.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती. नव्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी साठली की गाडी ती स्वतः जाळते, पण त्यासाठी सायलेन्सर साडेपाचशे ते सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो. हायवेला पन्नासच्या वेगाने अर्धा तास धावणाऱ्या गाडीत हे कळतही नाही. उसाच्या गाडीचा दिवस कसा असतो ते बघा: फडातून पहिल्या गिअरमध्ये बाहेर, पाणंदीने पाच-दहाच्या वेगाने डांबरीपर्यंत, पंधरा-वीस किलोमीटर रस्ता, आणि मग कारखान्याच्या यार्डात नंबर. आठ तास, दहा तास, गव्हाण (ऊस आत नेणारा पट्टा) बंद पडली तर त्याहून जास्त. दर वीस मिनिटांनी दोन गाड्यांइतकं पुढे सरकायचं. ड्रायव्हर सेल्फ (स्टार्टर) वाचवायला इंजिन चालूच ठेवतो. फिल्टर भरायला याहून चांगली परिस्थिती नाही.

फिल्टर भरला की डॅशबोर्डवर दिवा लागतो. पहिल्या टप्प्यात ‘रस्त्याला पळवा’ एवढंच सांगणं असतं, पण पुढेमागे गाड्या असताना पळवणार कुठे? दिवा लुकलुकायला लागला की उभ्या गाडीवर जाळणी करावी लागते: हँडब्रेक, न्यूट्रल, बटण दाबून धरायचं, इंजिनचा आवाज आपोआप चढतो आणि तीस-चाळीस मिनिटं गाडी हलवायची नाही. तेवढ्यात मागचे नंबर पुढे जातात. आणि मुख्य अडचण सायलेन्सरच्या खाली असते. यार्डात जमीन दिसत नाही, सगळीकडे वाळलेलं पाचट. सहाशे अंशांचा वारा त्यावर सोडायचा आणि वर दहा टन ऊस, मागे पन्नास गाड्या. कोणताही शहाणा ड्रायव्हर जाळणी मध्येच बंद करतो, आणि त्याने ती बंदच करावी. दोन-तीनदा अर्धवट सोडली की गाडी ताकद तोडते. भरला माल घेऊन चढ चढत नाही. मग लॅपटॉपवाला माणूस बोलवायचा किंवा माल दुसऱ्या गाडीत भरून तिला वर्कशॉपला न्यायचं. नव्या गाडीत दोष नव्हता. ज्या कामाला ती बनली ते हे काम नाही, एवढंच माझं मत आहे.

तरी नवीच घ्यायची असेल तर चार गोष्टी पाळा. नंबरात इंजिन बंद ठेवा, त्यासाठी बॅटरी आणि हवेची टाकी चांगली राखा. गाडी खाली झाली की रोज एकदा अर्धा-पाऊण तास सलग डांबरीवर चालवा. उभी जाळणी करायचीच तर यार्डाबाहेर उघड्या मुरमावर, आजूबाजूचं पाचट खोऱ्याने ओढून. इंजिनात कमी राख सोडणारं, सीके-४ दर्जाचंच ऑइल घाला. राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच बसते. डीईएफची बादली सावलीत ठेवा आणि डिझेलचं नरसाळं तिला लावू नका.

जुनी ठेवायची तर पहिली तपासणी इंजिनची नाही, चासीची. इंजिन परत बांधता येतं, चासी नाही. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) पुढच्या ब्रॅकेटभोवती माती खरवडून काढा, डिझेलच्या फडक्याने पुसा, कोरडं करा आणि खडू घासा. पाचेक मिनिटांत तड्यात राहिलेलं डिझेल खडूवर काळी रेघ उमटवतं. रेघ उभ्या पट्टीत असेल आणि बोटभर असेल तर तिच्या टोकाला ६ मिलिमीटरचं भोक पाडून तडा तिथे थांबवायचा, मग खाच काढून वेल्डिंग आणि आतून जोडपट्टी. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवायला विसरू नका. रेघ खालच्या आडव्या पट्टीत उतरली असेल, किंवा दोन्ही बाजूंना असेल, तर तिथेच थांबा. अशा गाडीवर चार लाख घालू नयेत, माझी पसंती जुनीला असली तरी.

इंजिन गरम करून ऑइल फिलरचं झाकण काढा आणि नुसतं तोंडावर ठेवा. थरथरलं तर ठीक, उडून पडलं आणि धुराच्या गुळण्या आल्या तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवाटे खाली गळतोय, काम निघालं. काम निघालंच तर नुसत्या रिंगा टाकून भागवू नका. लायनर झिजून अंडाकृती झालेला असतो, त्यात नवी गोल रिंग बसत नाही, आणि दोन महिन्यांत गाडी पुन्हा ऑइल खायला लागते. सहाही लायनर-पिस्टन, बोअर-होनिंग, मेन आणि बिगएंड बेअरिंग, व्हॉल्व्ह-सीट, ऑइल पंप, वॉटर पंप, पूर्ण गॅस्केट संच असं एकदाच करा. क्रँकला आधी दोनदा ग्राइंडिंग झालेलं असेल तर नव्या क्रँकचे पैसे धरा. डिझेल पंप बेंचवर लावून कॅलिब्रेट करून घ्या, नोझल त्याच वेळी. ‘पंप जरा वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. जास्तीचं डिझेल ताकद थोडी देतं, धूर आणि उष्णता फार. रेडिएटर खोलून रॉड मारून घ्या. पाचटाचा चुरा बाहेरच्या जाळीत घट्ट बसलेला असतो, आणि नव्याने बांधलेल्या इंजिनाचं हेड गॅस्केट बहुतेक त्यामुळेच जातं.

क्लच प्लेट बदलताना फ्लायव्हीलला फेसिंग, मागच्या पाट्यांत मेन पाटा आणि सेंटर बोल्ट नवा, किंगपिन-बुश, चारही ड्रमचं माप आणि ब्रेक लायनर. हवेच्या ब्रेकची गळती घरीच कळते: टाकी पूर्ण भरून इंजिन बंद करा आणि रात्रभर सोडा, सकाळी काटा शून्यावर असेल तर जोडण्यांना साबणाचं पाणी लावत जा. क्राउन-पिनियन ओढताना कण्हत असेल तर खोलून बघा, नुसती उतारावर गुणगुणत असेल तर एक हंगाम जाऊ द्यायला हरकत नाही. फाळका आणि खालच्या फळ्या धरून हे सगळं आमच्या भागात साधारण चार ते पाच लाखांत बसतं. तुमच्या गाडीची चालू विक्री किंमत याहून कमी येत असेल तर मात्र थोडं थांबून पुन्हा विचार करावा.

आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, पर्यावरण कर वेगळा. पंधरा वर्षं उलटली की फिटनेसचं शुल्कही चढतं. जड मालगाडीला १ एप्रिल २०२२ पासून ते १२,५०० रुपये केलं गेलं, पुढचे टप्पे आरटीओत विचारूनच धरा. म्हणजे २०१२ च्या गाडीवर आज केलेला खर्च दोन-तीन हंगामांत वसूल झाला पाहिजे, असा हिशेब ठेवा. मशीनवरच्या चाचणीत जुन्या गाड्या अडकतात त्या बहुधा डाव्या-उजव्या ब्रेकच्या फरकाने, हेडलाइटच्या कोनाने आणि धुराने. ब्रेक आणि धूर वरच्या कामात सुटतात, हेडलाइटचा कोन वेगळा लावून घ्या, आणि ब्रेक तपासणीच्या आदल्या दिवशी परत समान करून जा.

एक बाजू मी हलकी मानत नाही, ड्रायव्हरची. आता बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन बंधनकारक आहे, आणि मार्चच्या उन्हात दहा तास नंबरात बसणाऱ्या माणसाला ते हवंच. जुन्या केबिनला छताखाली जाड फोम, दोन पंखे, नवी सीट आणि इंजिनच्या झाकणाला उष्णतारोधक चटई एवढं तरी करा. पंचवीस हजारांच्या आत होतं, आणि चांगला ड्रायव्हर मुकादमाच्या सांगण्यावरून दुसरीकडे जात नाही.

काम जूनमध्ये लावा. सप्टेंबरात गॅरेजवाले भरलेले असतात आणि घाईत बांधलेलं इंजिन घाईतच परत येतं. ऑगस्टअखेर गाडी हातात आली की पहिले १,५०० किलोमीटर अर्ध्या मालाने, चढाला न रेटता चालवा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि चाकाचे नट पुन्हा आवळा, ५०० ला टॅपेट बघा, १,५०० ला ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओता आणि चमकणारे कण दिसतात का ते उन्हात धरून पाहा. दिसले तर कारखान्याच्या करारावर सही करण्याआधी इंजिन परत उघडायला वेळ हातात असतो.